मागच्या रांगेचा सूर

मी अध्यापक विद्यालयात संगीत शिकवायला जाणार आहे हे सांगायला गेले, तेव्हा गुरुजी दाढी करत होते. आरशातूनच त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे आता तुम्ही गाणार नाही," ते म्हणाले. "दुसऱ्यांना गायला लावणार. असो. सुट्ट्या भरपूर असतात म्हणे तिथे."

गुरुजी सगळ्या शिष्यांना 'तुम्ही' म्हणत, अगदी दहा वर्षांच्या पोरालाही. तो आदर होता की अंतर ठेवण्याची रीत, हे आम्हाला कधीच नीट कळलं नाही. सदाशिव पेठेत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांची दोन खोल्यांची जागा होती. बाहेरच्या खोलीत तालीम चाले, आतल्या खोलीत त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, स्वयंपाक करत. मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासून तिथे जात होते. पुढे संगीतात एम.ए. झाले, मग बी.एड.ही केलं, कारण माझे वडील शिक्षक होते आणि हातात एक पदवी जास्तीची असावी यावर त्यांचा फार विश्वास. गणेशोत्सवात, कुणाच्या घरगुती बैठकीत मी गायचे. लोक बरं म्हणायचे. पण आयुष्य तोलून धरील इतकं काही माझं गाणं नाही, हे मला गुरुजींच्या आधी कळलं होतं. त्याचं फार वाईट वाटलं असंही नाही. मला शिकवायला मनापासून आवडायचं. नोकरीची जाहिरात आली आणि मी अर्ज केला.

विद्यालयात प्राथमिक शाळेत शिक्षक होऊ पाहणारे मुलगे आणि मुली यायच्या. गणित कसं शिकवावं, भाषा कशी शिकवावी हे त्यांना दिवसभर शिकवलं जाई आणि अधूनमधून संगीताचा तास असे. वर्षाच्या शेवटी प्रत्येकाला खऱ्या वर्गावर जाऊन मुलांना एक गाणं शिकवून दाखवावं लागे.

पहिल्याच महिन्यात मी पेटीवर 'सा' धरला आणि एकेकाला तो लावायला सांगितलं. कुणी लाजत, कुणी हसत, पण लावत गेले. शेवटच्या बाकावरची एक मुलगी मात्र उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "मॅडम, मी गात नाही."

"का? घसा बसलाय?"

"नाही. मला गाता येत नाही. चौथीतच सांगितलंय मला."

वर्ग हसला. ती हसली नाही आणि खजीलही झाली नाही. आपल्याला चष्मा आहे हे सांगावं तितक्या सरळपणे तिने ते सांगितलं होतं.

तासानंतर मी तिला थांबवून घेतलं. तिच्या वडिलांचं रविवार पेठेत घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. घरी दखनी बोलत, पण ती मराठी शाळेत शिकलेली, आणि त्यांच्या नात्यातल्या साऱ्या मुस्लिम कुटुंबांत शिक्षिका व्हायला निघालेली पहिलीच मुलगी. चौथीत असताना स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात तिला घेतलं होतं. दोन दिवस तालीम झाल्यावर बाईंनी तिला मागच्या रांगेत नेऊन उभं केलं आणि सांगितलं, 'तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस, बाकीच्यांचा बिघडतो.'

"मग?" मी विचारलं.

"मग काय, हलवले ओठ. कार्यक्रम छान झाला." वही पिशवीत टाकत ती म्हणाली, "तेव्हापासून राष्ट्रगीताला सुद्धा मी ओठच हलवते."

गाण्याचे मार्क गेले तरी चालतील, बाकीच्या विषयांत मी पास होते, असंही तिने मला सांगून टाकलं. ते खरंच होतं. सरावपाठांना मी तिला गणित शिकवताना पाहिलं होतं. चिंचोके आणि आगपेटीच्या काड्या घेऊन ती जमिनीवर बसे आणि मुलं तिच्याभोवती गोळा होत. माझ्या डोळ्यांपुढे मात्र दुसरंच चित्र येत राहिलं. ही बाई आता निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी प्रार्थनेला मुलांसमोर उभी राहणार आणि नुसते ओठ हलवणार. मी तिला म्हटलं, "तास संपल्यावर रोज थोडा वेळ थांबत जा. गाणं आलं नाही तर सोडून देऊ."

पहिले काही आठवडे काहीच झालं नाही. मी पेटीवर 'सा' धरायचे, ती भलत्याच ठिकाणी लावायची. मी "वर ये" म्हणायचे, ती आवाज वर न नेता मोठा करायची. दोघीही दमून जायचो. मला शिकवण्याच्या ज्या पद्धती ठाऊक होत्या त्या सगळ्या करून झाल्या. गुरुजींनी आम्हाला शिकवलेली एकच रीत होती, तानपुरा लावलेला आहे, त्यात येऊन मिळा. ज्याला मिळता येत नाही तो त्यांच्याकडे आठवडाभरही टिकत नसे.

एका दुपारी मी तिला काहीतरी समजावून सांगत होते आणि ती "हंऽ" म्हणाली. आपण ऐकतोय हे दाखवायला माणूस म्हणतो तसं. तो आवाज इतका भरीव आणि स्थिर होता की मी बोलायची थांबले.

"हा 'हं' परत म्हण. तसाच. आणि लांबव."

"हंऽऽऽ?"

मी पेटीवर बोट फिरवत तिचा आवाज शोधू लागले. मी तिला रोज काळी चारवर बोलवत होते, बायकांची नेहमीची पट्टी म्हणून. तिचा 'हं' त्याच्या बराच खाली, पांढरी तीनवर सापडला. मी ती पट्टी दाबली आणि भाता हलवत राहिले. पेटी आणि तिचा आवाज एकमेकांत मिसळले. तिने डोळे मोठे केले. श्वास संपला तशी ती थांबली, आणि पुन्हा "हंऽ" म्हणून बघितलं.

"मॅडम, हे दोन्ही एकच आहे ना?"

"एकच आहे. हा तुझा सूर. पेटी तुझ्याकडे आली आता. इथूनच पुढे जायचं आपण."

तिने तोंडावर रुमाल धरला आणि खूप वेळ हसत राहिली. मीही हसत होते. शिपाई वर्ग बंद करायला आला तो आमच्याकडे बघत दारातच उभा राहिला.

तिथून आम्ही एक एक सूर वर गेलो, एक एक खाली आलो. वर्षाच्या शेवटी तिने तिसरीच्या वर्गाला गाणं शिकवलं. ती फार गोड गायली असं मी म्हणणार नाही. पण गायली, आणि मुलं तिच्या मागून गायली.

पुढे तिला महानगरपालिकेच्या शाळेत नोकरी लागली. साधारण वर्षभराने ती मला भेटायला विद्यालयात आली. माझ्यासाठी आईच्या हातचा शीरखुर्मा डब्यात आणला होता, आणि एक बातमीही.

"मॅडम, माझ्या वर्गात माझ्यासारखी पुष्कळ आहेत. तुम्ही एकदा येऊन बघाच."

मी गेले. सकाळची प्रार्थना चालू होती. संगीताचे एक सर फिरत्या नेमणुकीवर त्या शाळेत येत. माणूस मनापासून शिकवणारा, आवाज दमदार, मर्दानी. ते एक ओळ म्हणत आणि मुलं ती परत म्हणत. नीट कान देऊन ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं की काही मुलं आपोआप वरच्या सप्तकात जाऊन म्हणत होती, आणि काही मुलं सरांचा जाड आवाज जसाच्या तसा काढायला बघत होती. ती हनुवटी छातीला टेकवून घोगरा आवाज काढत. त्यांना सर काय गातात ते ऐकू येत होतं. नक्कल सुराची करायची, आवाजाच्या जाडपणाची नाही, हे कुणी सांगितलेलं नव्हतं. या मुलांना सरांनी मागच्या रांगेत उभं केलं होतं.

घरी येताना मी बसमध्ये त्याच विचारात होते आणि माझा थांबा मागे गेला. किती मुलांना आपण बेसूर म्हणतो, त्यातली खरोखर किती तशी असतात, आणि आपण आधी त्यांच्या सुराकडे गेलो तर काय होतं, याचा पद्धतशीर अभ्यास करायचा असं मी ठरवलं. नवऱ्याला सांगितलं. तो बँकेत होता, गाण्यातलं त्याला विशेष काही कळत नसे. त्याने एवढंच विचारलं, "टेपरेकॉर्डर लागेल ना?" आणि त्या महिन्यातच कॅसेटचा एक टेपरेकॉर्डर घरी आणला.

विद्यापीठातल्या समितीपुढे मी विषय मांडला तेव्हा तिथल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी माझा आराखडा मिटून टेबलावर ठेवला.

"बाई, बेसूर म्हणजे बेसूर. त्यात संशोधन कसलं? उद्या कुणी येऊन म्हणेल, आंधळ्यांना दिसतं का यावर मला पीएच.डी. करायची आहे."

दोघंतिघं हसले. पण कोपऱ्यात बसलेले शिक्षणशास्त्राचे एक प्राध्यापक हसले नव्हते. ते म्हणाले, "अहो, डोळ्यांचे डॉक्टर तेच करतात. कुणाला दिसत नाही आणि कुणाला नुसता चष्मा हवाय, ते आधी बघतात." विषय मंजूर झाला आणि तेच माझे मार्गदर्शक झाले.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला बजावलं, "मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्हाला प्रत्येक गोष्ट मला समजेल अशी सांगावी लागेल. चालेल का?" मला वाटलं होतं ही माझी अडचण होणार. झालं उलटंच. 'सुरात' म्हणजे नक्की काय, हे त्यांना समजावता समजावता मला पहिल्यांदा नीट समजलं. ते मध्येच थांबवत आणि म्हणत, "हे तुम्हाला वाटतं की तुम्ही ऐकलंय?" तो प्रश्न पुढे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला विचारला.

अभ्यासासाठी मी पेठांमधल्या काही शाळा घेतल्या, आणि माझ्या त्या जुन्या विद्यार्थिनीची शाळाही. तिथले मुख्याध्यापक शिस्तीचे होते. त्यांनी अट घातली की न गाणारी मुलं वेगळी काढून वेगळ्या खोलीत बसवायची, चांगल्या गाणाऱ्यांचं नुकसान व्हायला नको. परवानगी त्यांच्या हातात होती, मी मान्य केलं. सुरुवातीला सगळं सुरळीत वाटलं. मग माझ्या तासाच्या दिवशी काही मुलं गैरहजर राहू लागली. जी यायची ती दारातच रेंगाळायची. एक दिवस जिन्यात पोरं ओरडताना ऐकलं, "ए, रेडकांचा तास सुरू झाला!" आत बसलेल्या मुलांनी माना खाली घातल्या आणि त्या दिवशी कुणी तोंड उघडलं नाही.

मी आणि वर्गशिक्षिका, म्हणजे माझी विद्यार्थिनी, दोघी मुख्याध्यापकांकडे गेलो. मी संशोधनाच्या भाषेत काहीबाही बोलत राहिले. तिने सरळ सांगितलं, "सर, मी त्या रांगेत उभी होते. तिथे उभं राहून कोणी शिकत नाही."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे तुमचं म्हणणं, सगळ्यांना एकत्र बसवायचं."

"हो सर."

"आणि गोंधळ झाला तर?"

"तर मी निस्तरीन."

सगळी मुलं एकत्र बसू लागली. आता काहीतरी असं हवं होतं ज्यात चांगलं गाणाऱ्याला फायदा नाही आणि न गाणाऱ्याला तोटा नाही. म्हणून मी मुलांना सांगितलं, प्रत्येकाने रस्त्यावरून किंवा घरातून एक आवाज आणायचा, पेटी तो शोधून काढेल. काय काय आवाज आले! भंगारवाल्याची हाक, कुल्फीवाल्याची घंटा, शेजारच्या शिलाई यंत्राची घरघर, एसटीचा हॉर्न. एका अबोल मुलीने, जी आजवर एकाच सुरावर अडून बसायची, आई तिला अंगणातून हाक मारते ती हाक आणली, "येऽऽ गंऽ". त्या एका हाकेत दोन सूर होते, एक वरचा, एक खालचा. मी ते पेटीवर वाजवले. साऱ्या वर्गाने तिला "येऽऽ गंऽ" म्हणून बोलावलं आणि ती लाजून पण अचूक त्याच सुरांत "आऽले गंऽ" म्हणाली. टेपरेकॉर्डर चालू होता. ती कॅसेट ऐकताना माझे मार्गदर्शक एकदम म्हणाले, "अहो, हे मलासुद्धा कळलं."

या सगळ्या काळात मी दर गुरुवारी गुरुजींकडे जात होते. तालीम सुटली नव्हती. गुरुजी न चुकता विचारत, "काय म्हणते तुमची बेसूर मंडळी?" मी सांगायचे, ते "असं का, वा," म्हणायचे आणि तानपुरा जुळवायला घ्यायचे. काकू आत भाजी निवडत ऐकत असायच्या.

एकदा मी लवकर पोचले. गुरुजी दुपारचे वाचनालयात जात, ते परतले नव्हते. काकूंनी चहाचं आधण ठेवलं आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "अगं, ते पोरांचं तू करतेस ना, ते वय झालेल्यांना जमतं का?"

"कुणाला, काकू?"

त्यांनी आधणात चहाची पूड टाकली. "मला."

मग त्यांनी सांगितलं. लग्नाला आठवडाही झाला नसेल, पाणी भरताना त्या काहीतरी गुणगुणत होत्या. गुरुजी बाहेरच्या खोलीतून आले आणि म्हणाले, 'माझ्या कानाला त्रास होतो. तेवढं टाळलंस तर बरं.' त्यांनी टाळलं. आरतीला टाळ्या वाजवल्या, भोंडल्याला गेल्या नाहीत. मुलं झाली, तेव्हा पाळण्याशी बसून त्यांनी गोष्टी सांगितल्या, अंगाई म्हटली नाही.

"त्यांनी काही वाईट मनाने सांगितलं नव्हतं हं," काकू म्हणाल्या. "त्यांचा कानच तसा. पण आता नात झालीये. तिला एकदा थोपटताना म्हणावंसं वाटतं."

गुरुजींच्या वाचनालयाच्या वेळात आम्ही स्वयंपाकघरात शिकू लागलो. काकूंचं प्रकरण शाळेतल्या मुलांपेक्षा निराळं निघालं. आयुष्यभर उत्तम गाणं कानावर पडलेलं, त्यामुळे त्यांना सगळं ऐकू येत होतं, आणि तेच आड येत होतं. सूर जरासा हलला की त्या तिथेच थांबायच्या आणि "नाही बाई" म्हणायच्या. मला त्यांना सूर शिकवायचा नव्हताच. चूक झाली तरी पुढे जायला शिकवायचं होतं. "काकू, पोळी फाटली तर तवा बंद करता का?" असं मी एकदा चिडून म्हटलं, तेव्हा त्यांना ते पटलं. त्यांची पट्टी पांढरी चार निघाली. त्यांच्या आईची एक भूपाळी त्यांना आठवत होती, तीच आम्ही घेतली. काही महिन्यांत त्या ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न थांबता म्हणू लागल्या.

त्या दिवशी वाचनालय कसल्याशा कामासाठी लवकर बंद झालं होतं. आम्हाला पत्ता नव्हता. भूपाळी संपल्यावर मी पाणी पिऊन निघायला म्हणून दार उघडलं, तर गुरुजी जिन्याच्या पायरीवर बसलेले. काठी मांडीवर आडवी. किती वेळ बसले होते कोण जाणे. माझ्या मागून काकू आल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

गुरुजी उठून आत आले. टोपी खुंटीला लावली. माझ्याकडे वळून म्हणाले, "पट्टी कोणती?"

"पांढरी चार."

त्यांनी तानपुऱ्यावरची गवसणी काढली आणि सतरंजीवर बसून तारा त्या पट्टीला जुळवायला घेतल्या. ते काम त्यांनी नेहमीच्या सावकाशीने केलं. काकूंना राहवेना.

"अहो, चहा ठेवू का?"

"नंतर. बस."

काकू सतरंजीच्या कोपऱ्यावर बसल्या. गुरुजींनी तानपुरा छेडायला सुरुवात केली आणि मान हलवून खूण केली. काकूंचा पहिला सूर कापत आला. दुसऱ्या ओळीला तो ठरला. मी दारापाशी उभी होते, मला ना बसता येईना ना जाता येईना. त्या पूर्ण भूपाळी म्हणाल्या. एकदा चुकल्या, पण थांबल्या नाहीत.

गुरुजींनी तारांवर हात ठेवला. "गंधार थोडा चढा लागतोय," ते म्हणाले. "होतं तसं, सुरुवातीला सगळ्यांचंच होतं. उद्या सकाळी बसा."

"अगंबाई, मला काय 'तुम्ही' म्हणताय!" काकू म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. गुरुजींच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी उगाच तानपुऱ्याची एक खुंटी पिळली, जी पिळायची काही गरज नव्हती.

पुढच्या गुरुवारी काकूंनी मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, "रात्री जेवताना म्हणाले, पूर्वी मी तुला काहीतरी बोललो होतो, ते राहू दे आता." एवढं सांगून त्यांनी मला जास्तीची एक पुरणपोळी वाढली.

माझ्या प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली तेव्हा समितीतले ते ज्येष्ठ सदस्य पुढेच बसले होते. प्रबंध त्यांनी बारकाईने वाचला होता, पानापानावर खुणा केल्या होत्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे आता जगात कुणीच बेसूर नाही असं समजायचं का आम्ही?"

"नाही सर, काहीजण असतात," मी म्हटलं. "आपण समजतो त्यापेक्षा खूप कमी. आणि ते कोण, हे शिकवून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही."

त्यांनी समासात आणखी एक खूण केली. मग म्हणाले, "हे विधान सावध आहे. सावध विधानं मला आवडतात." पुण्यात याहून मोठं कौतुक सहसा मिळत नाही. मागे बसलेल्या माझ्या मार्गदर्शकांनी डोळे मिचकावले.

पुढची वर्षं भराभर गेली. विद्यालयातून मी विद्यापीठात गेले, आधी अधिव्याख्याता, मग प्राध्यापक. प्राथमिक शिक्षकांसाठीच्या हस्तपुस्तिकेत मुलांच्या आवाजाची पट्टी कशी शोधावी यावर दोन पानं आली. ती मी आणि माझ्या त्या विद्यार्थिनीने मिळून लिहिली. दोनच पानं, पण त्यासाठी किती बैठका झाल्या! 'मुलाला ओठ हलवायला सांगू नये' हे वाक्य समितीला फार कडक वाटत होतं. माझी विद्यार्थिनी हट्टाला पेटली आणि वाक्य राहिलं. पुढे ती मुख्याध्यापिका झाली. तिच्या शाळेत प्रार्थना ऐकायला मी मुद्दाम जायचे. सगळी मुलं गोल करून उभी असत, रांगाच नसत.

प्रत्येक ठिकाणी असं घडलं असं मात्र नाही. कित्येक शाळांत संगीताचा तास गणिताला देऊन टाकलेला असे. वाघोलीला नवीन महाविद्यालयं निघाली तेव्हा तिथल्या एका शिक्षणशास्त्राच्या वर्गात मी व्याख्यानांना जायचे. रस्त्यावर धूळ, बाजूला अर्धवट इमारती, आणि वर्गात विदर्भापासून बिहारपर्यंतचे विद्यार्थी. पेटी नव्हती. मी म्हटलं, ठीक आहे, प्रत्येकाने आपापल्या गावची एक हाक आणा. भाषा चार निघाल्या, पण त्या तासाला कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. त्यातल्या एका मुलीने पुढे माझ्याकडेच संशोधन केलं, कर्णबधिर मुलांच्या शाळेत तालावर. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं, म्हणून मी तिला म्हटलं, "तुला प्रत्येक गोष्ट मला समजेल अशी सांगावी लागेल." तिने सांगितली, आणि माझ्या म्हातारपणी मला एक नवा विषय मिळाला.

निवृत्तीनंतर हिंजवडीच्या एका कंपनीतून फोन आला. तिथल्या मुलामुलींसाठी दर शनिवारी गाण्याचा वर्ग घ्याल का, म्हणून. मी हो म्हटलं. पहिल्या दिवशी चकचकीत काचांच्या खोलीत पंधरा-वीस जण बसले होते. एक मुलगा म्हणाला, "मॅम, अ‍ॅक्चुअली मी फक्त फ्रेंड्सना कंपनी द्यायला आलोय. माझा आवाज खूप बॅड आहे."

"कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे... सगळेच. फॅमिली ग्रुपवर पण."

"बरं. मग नुसता बस आणि मी बोलेन त्याला हं-हं म्हणत राहा." तो वर्ग अजून चालू आहे. तो मुलगाही येतो, आता कंपनी द्यायला म्हणून नाही.

गेल्या शनिवारी वर्ग संपायला उशीर झाला म्हणून वर्गातल्या मुलांनी मला त्यांच्याबरोबर कंपनीच्या बसमधून घरी सोडायचं ठरवलं. वाकडच्या पुलाच्या अलीकडे गाडी जी अडकली ती अडकलीच. पुढे दिव्यांची लांबच लांब ओळ, मागे हॉर्न. सगळे आपापल्या फोनमध्ये होते. मग मागच्या बाजूने कुणीतरी त्या दिवशी शिकवलेल्या लोकगीताची ओळ गुणगुणायला लागलं. दुसऱ्याने धरली, मग तिसरीने. पट्ट्या तीन झाल्या. मी मुद्दाम काही बोलले नाही. हळूहळू ती पोरं एकमेकांचं ऐकायला लागली, कुणी खाली आलं, कुणी वर गेलं, आणि कुठेतरी मध्ये सगळी भेटली.

ड्रायव्हर मावळातला, पन्नाशीचा. त्याने आरशातून मागे पाहिलं.

"म्याडम, ही सगळी तुमचीच का?"

"हो. त्रास होतोय का तुम्हाला?"

"छ्या, त्रास कसला! म्हणू द्या की. गाडी काय हलत न्हाई, आवाज तर जाऊ द्या पुढं." थोड्या वेळाने तो म्हणाला, "मला बी येतंय हे, आमच्याकडं जरा वेगळं म्हनत्यात," आणि समोर बघतच त्याने दुसरं कडवं सुरू केलं. त्याचा आवाज चांगलाच वरचा होता. पोरांना पट्टी पुन्हा बदलावी लागली.